परतीची वायर: जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांचं काम

दिवाळी सरली की आमच्या निपाणी भागात ऊसतोड धरते आणि रस्त्यावर रात्रभर ट्रॅक्टर सुरू होतात. दोन वर्षांमागची गोष्ट. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ते बंद करून मी अकोळच्या रस्त्यानं मोटारसायकलवरून घरी निघालो होतो. पुढं काहीतरी काळं, रुंद हलतंय हे कळेपर्यंत मी पन्नासेक फुटांवर आलो होतो. ब्रेक दाबला, मोटारसायकल साइडपट्टीच्या मातीत उतरवली आणि बघतो तर उसानं भरलेली आमचीच ट्रॉली. ट्रॅक्टरही आमचाच, आबांच्या हातचा इंटरनॅशनल बी-२७५, आणि चालवायला माझा चुलतभाऊ.

पुढं जाऊन त्याला थांबवलं. म्हटलं, "मागची लाइट लावलीस का न्हाईस?"

"लावल्यात की दादा. बटण बघ."

बटण चालूच होतं. मागं येऊन बघितलं तर दोन्ही दिवे पेटलेलेही होते, पण विडीच्या टोकाएवढे लाल. त्याच दिवशी सकाळी एका गॅरेजात नवे बल्ब, नवे होल्डर आणि नवी वायर टाकून आणली होती. कामाची चिठ्ठी माझ्याच खिशात होती.

घरी आल्यावर ट्रॉली उसासकट उभी करून मीटर लावला. दिव्याच्या होल्डरपर्यंत येणाऱ्या वायरीवर १२.४ व्होल्ट होते. म्हणजे बॅटरी चांगली, वायर चांगली. मग दिव्याची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरला. तिथं शून्याजवळ आकडा यायला हवा, तो आला ६.१. अर्धं व्होल्टेज परतीच्या वाटेवर खर्च होत होतं. बल्बच्या बाबतीत अर्धं व्होल्टेज म्हणजे अर्धा उजेड नाही. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि अर्ध्यावर आलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. विडीच्या टोकाएवढा.

तेव्हापासून माझ्याकडं जो कुणी जुना ट्रॅक्टर घेऊन येतो त्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो. दिव्याकडं जाणारी वायर सगळे ओढतात, परतीची कुणी ओढत नाही. "लोखंडच आहे सगळं, बॉडी अर्थ मिळतोय की," म्हणून सोडून देतात. अर्थ म्हणजे करंटची ही परतीची वाट, आणि बॉडी अर्थ म्हणजे ती वाट ट्रॅक्टरच्या लोखंडातूनच. करंटला मात्र परत यावंच लागतं. ट्रॉली कारखान्यावर रिकामी होऊन परत फडात आली नाही तर दुसरी खेप कुठून होणार? तसंच हे. बॅटरीतून निघालेला करंट बल्बमधून जाऊन बॅटरीतच परतला पाहिजे, आणि पन्नास वर्षांच्या गंजावरून, रंगावरून, ग्रीसवरून त्याची वाट काढायला लावली तर तो तिथंच दमतो.

हुक्केरीकडचे एक ड्रायव्हर अण्णा दुकानात येतात, दिवे बिघडले की दारातूनच म्हणतात, "अण्णा, अर्थ इल्ल री," म्हणजे अर्थ नाही. मराठीत म्हणा की कन्नडमध्ये, दहातल्या बहुतेक वेळा त्यांचं निदान बरोबर निघतं.

मी आमच्या ट्रॅक्टरचं काम कसं केलं ते आता सांगतो. तुमचा मॅसी असो, एचएमटी असो की जुना फोर्ड, थोडा फरक पडेल, पण रीत हीच.

आधी बॅटरी बघा

पाना हातात घेण्याआधी बॅटरीची कुठली तार बॉडीला गेली आहे ते बघा. आमच्या ट्रॅक्टरला मागच्या कुणीतरी बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवला आहे आणि निगेटिव्ह बॉडीला आहे. पण इंग्लंडच्या धाटणीच्या जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह बॉडीला असलेलेही भेटतात. त्यात चूक काही नाही, ती त्या काळची पद्धत होती. साध्या बल्बला त्यानं फरक पडत नाही. एलईडी मात्र उलट्या जोडणीत पेटत नाही, आणि अल्टरनेटरवर बॅटरी उलटी जोडली तर आतले डायोड क्षणात जातात. म्हणून नुसत्या लाल-काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका. बॅटरीच्या खांबाजवळचं + आणि − हे चिन्ह पुसून बघा. पुढं मी निगेटिव्ह अर्थ धरूनच लिहितोय.

बॅटरी सोडताना बॉडीची तार आधी सोडायची आणि जोडताना शेवटी जोडायची. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना मडगार्डला टेकला तर पाना लाल होतो, हात भाजतो. आमच्या धाकट्या कामगाराच्या बोटावर असा एक डाग आहे.

मग बॅटरीची बॉडीला गेलेली ती तार स्वतःच तपासा. जिथं ती चेसीला बोल्टानं बसली आहे तो बोल्ट खोला. आमचा खोलला तेव्हा थिंबलच्या, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीच्या, खाली गंजाचा पापुद्रा होता, वर कुणीतरी रंग मारला होता, आणि तारेचे बाहेरचे पदर हिरवे पडले होते. हिरवं दिसलं की ते तांबं गेलं असं समजा. नखानं खरवडलं तर पावडर पडते आणि खाली काळं तांबं दिसतं. ही तार बदला, दुसरं काही करण्याआधी बदला. सगळ्या दिव्यांचा, स्टार्टरचासुद्धा, परतीचा रस्ता हीच एक तार आहे. आमचा ट्रॅक्टर थंडीत सकाळी कण्हत सुरू व्हायचा तो या एका तारेनं सुधारला.

सामान

वायर दुकानात दीडची, अडीचची म्हणूनच मागायची, म्हणजे १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटर. दिव्यांकडं जायला दीडची पुरे, अर्थला अडीचची. अट एकच. बारीक तारांची लवचीक वायर घ्यायची, घरातल्या भिंतीत घालतात ती एका जाड तारेची नाही. ट्रॅक्टर दिवसभर थरथरतो आणि एकेरी तार त्या थरथरीनं थिंबलच्या तोंडाशी आतल्या आत तुटते. वरून प्लास्टिक शाबूत दिसतं, म्हणून शोधताना डोकं फिरतं.

किती करंट जाणार याचा हिशेब सोपा आहे. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, टेलचा, म्हणजे मागं सतत पेटणाऱ्या लाल दिव्याचा, ५ वॅटचा. दोन्ही एकाच काचेत असलेला २१/५ चा बल्ब येतो, त्याच्या खाली दोन टिपके असतात आणि बाजूच्या दोन पिना वरखाली असतात, उलटा बसू नये म्हणून. ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉलीचे दोन मिळून ब्रेकचे चार बल्ब, म्हणजे ८४ वॅट, १२ व्होल्टवर ७ अँपिअर. टेलचे चार आणि नंबरप्लेटचा एक मिळून २५ वॅट, म्हणजे २ अँपिअर. म्हणून ब्रेकला १० चा फ्यूज आणि टेलला ५ चा. दोन्ही वेगळे ठेवा. एकच फ्यूज ठेवलात तर ट्रॉलीच्या ब्रेकची वायर कुठं घासली की टेलही जातो, आणि रात्री तो टेलच तुम्हाला वाचवणारा असतो.

दीडच्या तांब्याच्या वायरीत १० मीटरला साधारण ०.१२ ओहम अडथळा येतो. ७ अँपिअर गेले तर ०.८ व्होल्ट वाटेतच पडतात. अडीचच्या वायरीत तेच अर्ध्या व्होल्टवर येतं. दोन ट्रॉल्या लावून शेवटच्या दिव्यापर्यंत गेलं की अंतर १२-१५ मीटर सहज होतं, तेव्हा तिथं हात आखडू नका.

बाकी लागतील गोल तोंडाची थिंबलं, दात्याचे वॉशर, रबरी बूच, पॉलिश पेपर, कानस, पक्कड, काळा पीव्हीसी पाइप आणि वायर बांधायच्या चिवट्या. ग्रीस घरात असतंच.

वायर ओढताना

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेल्या वायरीवर वीतभर अंतरातच फ्यूज बसवा. फ्यूज बॅटरीपासून लांब गेला तर मधल्या तुकड्याला कुणी वाली नाही. तो तुकडा घासून बॉडीला लागला तर बॅटरी त्याला लाल होईपर्यंत पेटवते, आणि शेजारी डिझेलचा पाइप असतो. फ्यूजनंतर टेलची वायर बटणाकडं आणि ब्रेकची ब्रेकच्या स्विचकडं.

जुन्या ट्रॅक्टरला उजवा-डावा असे दोन ब्रेक असतात. पेडलला स्प्रिंगनं ओढला जाणारा स्विच मिळतो, तोच लावा. रस्त्यावर दोन्ही पेडल कडीनं जोडूनच चालवायचे असतात, त्यामुळं एका पेडलला स्विच बसला तरी चालतो. कडी घातलेली नसेल तर एकाच पेडलवर पाय पडतो, दिवाही लागत नाही आणि ट्रॅक्टरही एकीकडं ओढतो. आमच्या चुलतभावाला मी स्विच दाखवताना आधी कडी दाखवली. स्प्रिंग इतकी ताणा की पेडल हलताच, ब्रेक धरण्याआधीच, दिवा लागावा.

मागं जाणारी वायर पाइपातून न्या. सायलेन्सरपासून हातभर लांब ठेवा, लिफ्टच्या हातांच्या वाटेत येऊ देऊ नका, आणि टायरच्या बाजूनं मडगार्डच्या खालून नेऊ नका, चिखलाचे गोळे तिला तोडून टाकतात. वीत-सव्वा वितीवर एक चिवटी. पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बूच पाहिजेच, कारण पत्र्याची कड ही सुरी आहे. दिव्याजवळ पोचल्यावर वायर थोडी खाली झोक देऊन मग वर होल्डरमध्ये घाला, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोकावरून खाली ठिबकतं, दिव्यात शिरत नाही. खानापूरकडं, लोंढा-नंदगडच्या पावसात ज्यांचे ट्रॅक्टर असतात त्यांनी तर हे विसरूच नये.

सांधा शक्यतो वाटेत करू नका. करावाच लागला तर पीळ देऊन नुसती टेप गुंडाळू नका. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि दोन महिन्यांत ती उसाच्या पाल्यागत सुटते. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा.

अर्थ: इथं वेळ घालवा

आमच्या मडगार्डवरचा दिवा खोलला तेव्हा मला सगळं समजलं. दिव्याची पत्र्याची वाटी रबराच्या गादीवर बसवलेली होती, थरथर मरावी म्हणून. रबरातून करंट जात नाही. वाटीचा बॉडीशी संबंध फक्त दोन बारीक बोल्टांमधून, आणि ते बोल्ट रंगवलेल्या मडगार्डमध्ये. मडगार्ड पुन्हा ॲक्सलच्या पेटीवर रंगावर रंग बसलेला. तीन ठिकाणी रंग आणि एक रबर, आणि एवढ्यातून करंट परत जायचा. नवीन असताना गेला असेल. आता जात नव्हता.

म्हणून प्रत्येक दिव्याच्या होल्डरच्या बॉडीपासून स्वतःची अर्थची वायर काढा. होल्डरला अर्थचा स्क्रू नसेल तर एक छोटं भोक पाडून बोल्ट लावा. दोन्ही बाजूंच्या वायरी मध्ये आणून एकाच ठिकाणी, मागच्या ॲक्सलच्या किंवा गिअरबॉक्सच्या बिडाच्या अंगावरच्या एका दणकट बोल्टाला बांधा. आणि त्या बोल्टापासून एक अडीचची वायर सरळ बॅटरीच्या अर्थच्या बोल्टापर्यंत न्या. लोक म्हणतात गिअरबॉक्स आहे की मध्ये, कशाला. मी नेतो. जुन्या ट्रॅक्टरचे सगळे सांधे मी बघितलेले नसतात.

बोल्ट कसा करायचा ते नीट सांगतो, कारण सगळं काम इथंच ठरतं. बोल्ट काढा. थिंबल टेकणार ती जागा रुपयाच्या नाण्याएवढी कानशीनं घासा, मग पॉलिश पेपरनं, चांदीसारखी चमकेपर्यंत. करडी दिसली म्हणजे अजून गंज आहे, पिवळसर दिसली म्हणजे खालचा प्रायमर आहे, थांबू नका. फडक्यानं पुसा. त्यावर दात्याचा वॉशर, वर थिंबल, वर साधा वॉशर, मग बोल्ट. दात्याचे दात लोखंडात रुतले पाहिजेत, म्हणून पाना पुरा आवळा. आवळून झाल्यावर, आधी नाही, सगळ्यावर बोटानं ग्रीस माखा. ग्रीसचं काम पाणी बाहेर ठेवायचं. रंग मारायचा असेल तर तोही आवळल्यानंतर वरून.

थिंबल पक्कडीनं चेपून काम भागत नाही. थिंबल दाबायचं हत्यार नसेल तर माझ्यासारख्या कुणाच्यातरी दुकानातून दाबून आणा. दाबल्यावर वायर धरून जोरात ओढा. निघाली तर आत्ता निघालेली बरी.

मीटर लावून बघा

दिवा नुसता पेटला म्हणून काम झालं असं धरू नका. त्या दिवशी आमचाही पेटला होता.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खांबाच्या शिशावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. दिवे लावा, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. माझी धाकटी लेक हे काम करते, तिला पेडलवर दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागतं. लाल पिन होल्डरच्या बॉडीला टेकवा. ०.१ आला तर उत्तम, ०.२ पर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर वाटेत कुठंतरी अडलं आहे.

कुठं ते शोधायला लाल पिन एकेक पाऊल बॅटरीकडं सरकवत न्या. होल्डर, मग थिंबल, मग बोल्टाचं डोकं, मग बिडाचं अंग, मग बॅटरीच्या तारेचं टोक. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम घसरतो तिथंच रोग आहे. आमच्या ट्रॅक्टरला तो मडगार्डचा बोल्ट आणि ॲक्सलची पेटी यांच्यामध्ये सापडला, आकडा १.८ वरून ०.१ वर आला.

मीटर नसेल तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत पोचेल एवढा वायरीचा तुकडा घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या बॉडीला लावा. दिवा झळकला तर अर्थ खराब. टोक चुकून पॉझिटिव्हला लावू नका एवढंच.

अर्थ नसल्याची आणखी एक खूण आहे, ती ओळखायला शिका. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की टेल त्याच्या तालात मंद-ठळक होतो. लोक समजतात वायरी एकमेकींना चिकटल्या आणि वायरींचा सगळा जुडगा सोडत बसतात. तसं नसतं. बॉडीतून वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून शिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्याच्या अर्थमधून परत जातो. वाटेत येणारा प्रत्येक बल्ब थोडा थोडा पेटतो. अशा वेळी पहिल्यांदा त्या दिव्याची अर्थ बघा.

दिवे फक्त सावकाश चालताना मंद होत असतील आणि रेस वाढवली की उजळत असतील, आणि ट्रॅक्टरला अजून जुना डायनामोच असेल, तर तो दोष नाही. डायनामो कमी फेऱ्यांवर चार्ज देत नाही, दिवे बॅटरीवर चालतात. बॅटरी चांगली ठेवा.

ट्रॉली

आमची मूळ चूक इथं होती. गॅरेजवाल्यानं ट्रॉलीला फक्त जाणाऱ्या वायरी दिल्या होत्या आणि अर्थ हुकातून मिळेल असं धरलं होतं. हुकाची पिन ग्रीसमध्ये बुडालेली असते, तीच तिची जागा. रस्त्यावर ती क्षणाक्षणाला सरकते, उडते, टेकते. चढाला ओढ लागली की थोडा अर्थ मिळतो, उताराला ट्रॉली पुढं ढकलते तेव्हा जातो. तवंदीच्या घाटात उतरताना दिवे विझणं म्हणजे काय, हे त्या रस्त्यानं रात्री गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून सात पिनांचं सॉकेट बसवा आणि अर्थची पिन अर्थसाठीच वापरा. सॉकेटच्या आत बारीक आकडे कोरलेले असतात, टॉर्चच्या उजेडात दिसतात. १ डावा इंडिकेटर, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ७ डावा टेल, ६ ब्रेक. ३ नंबर अर्थ. २ नंबर मोकळा सोडला तरी चालतो. ३ ला अडीचची वायर, ट्रॅक्टरकडं त्याच मागच्या बोल्टावर, ट्रॉलीकडं प्रत्येक दिव्याच्या होल्डरपर्यंत. सगळ्यांनी हेच आकडे पाळले तर कुणाचीही ट्रॉली कुणाच्याही ट्रॅक्टरला लागते. हंगामात ती अदलाबदल रोजची असते, निपाणीचा ट्रॅक्टर आणि कागलची ट्रॉली एकत्र दिसते. आकडे न पाळणाऱ्याची ट्रॉली डावीकडं वळताना उजवा दिवा दाखवते, आणि मागच्यानं जीव त्या दिव्यावर ठेवलेला असतो.

प्लग काढून ठेवताना तोंड खाली करून टांगा. सॉकेटचं झाकण तुटलं असेल तर आजच बदला. पिनांवर मळीचा आणि उसाच्या रसाचा चिकटा बसतो, त्यावर धूळ, आणि धुळीवर पाणी. महिन्यातून एकदा पॉलिश पेपरची गुंडाळी करून पिना पुसा.

उसाच्या ट्रॉलीची आणखी एक गोष्ट. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात लोंबतो आणि त्याच्या वाढ्यांमागं टेल लॅम्प झाकून जातो. दिवा कितीही ठळक असला तरी मागच्याला पाला दिसतो. आम्ही त्यासाठी एक फळी केली. ट्रॉलीच्या रुंदीची सागाची जुनी फळी, दोन टोकांना दोन दिवे, मध्ये नंबरप्लेट आणि तिचा पांढरा दिवा, लाल रिफ्लेक्टरची पट्टी, आणि सहा मीटर वायर सात पिनांच्या प्लगसकट. ऊस भरून दोर आवळला की ही फळी शेवटी लोंबणाऱ्या उसाच्याही मागं दोराला बांधायची. रिकामं झालं की सोडून ट्रॅक्टरवर. फळी लाकडाची, म्हणजे बॉडी अर्थ मिळायचा प्रश्नच नाही. वायरच न्यावी लागते, आणि म्हणूनच ती आमच्या सगळ्या दिव्यांत कधीही न बिघडलेली गोष्ट आहे. मागं लाल दिवा आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे.

पुणे-बेंगळुरू रस्त्यावर, पूर्वीचा ४ नंबर आणि आताचा ४८, मोटारगाडी ८० च्या वेगानं येते. म्हणजे सेकंदाला २२ मीटर. आपला ट्रॅक्टर २० च्या वेगानं साडेपाच मीटर. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला सोळा-सतरा मीटरनं कमी होतं. ट्रॉली ५० मीटरवरून दिसली तर ड्रायव्हरच्या हातात तीन सेकंद आहेत. तोच दिवा २०० मीटरवरून दिसला तर बारा. चुलतभावाला मी हा हिशेब ट्रॉलीच्या फळ्यावर खडूनं लिहून दाखवला होता. तेव्हापासून फळी बांधायला तो मला सांगायला लावत नाही.

नंतरची देखभाल

हंगाम संपून ट्रॅक्टर वैरणीच्या गंजीजवळ उभा राहिला की उंदीर लागतात. पाइपाची तोंडं फडक्यानं बंद करा. पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या पूजेला ट्रॅक्टर धुतल्यावर एकदा, मीटरची तीच तपासणी करा. धुतल्यावर लगेच नको, दुसऱ्या दिवशी, सगळं वाळल्यावर. पाइपचा जोर दिव्यावर धरू नका.

एलईडी लावायचे असतील तर लावा, करंट फार कमी लागतो. पण इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर तापून उघडझाप करतो. एलईडीवर तो नीट मारतच नाही, तेव्हा फ्लॅशरही बदलावा लागतो. आणि एलईडी लावले म्हणून अर्थची वायर वाचत नाही.

टूलबॉक्समध्ये आबांची तंबाखूची पत्र्याची डबी आहे. तिच्यात २१/५ चे दोन बल्ब कापसात गुंडाळून, ५ आणि १० चे दोन-दोन फ्यूज, दोन थिंबलं आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा असतो. झाकण उघडलं की अजून तंबाखूचा वास येतो. बल्ब वापरला की त्याच आठवड्यात दुसरा आणून ठेवायचा.